आरटीएल-एसडीआर व्ही४ आणि सॅटडंप: मुंबईच्या गच्चीवर एरर करेक्शन किती कामाला येतं?

फिल्टर लावून पाचपैकी साडेचार, फिल्टरशिवाय अडीच. मधले दोन गुण ना डोंगलचे, ना सॉफ्टवेअरचे. ते मुंबईच्या हवेचे आहेत. दादर-परळच्या गच्चीवरून १३७ मेगाहर्ट्झवरचा हवामान उपग्रह ऐकायचा म्हणजे विसर्जनाच्या रात्री गिरगावात उभं राहून समोरच्या फुटपाथवरची कुजबुज ऐकायची. अर्धवट ऐकू आलेल्या शब्दांवरून वाक्य जुळवणं हे डिकोडरचं काम, आणि ते तो फार छान करतो. पण कानाचे पडदेच ढोलाने बधिर झाले असतील तर जुळवायला काही उरत नाही.

परीक्षण तीन गोष्टींचं एकत्र आहे: आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), त्याच्या किटमधला टेलिस्कोपिक डायपोल, आणि सॅटडंप हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. जुना व्ही३ ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी तुलना पुढे येईल. काम एकच: मेटिऑर-एम एन२-३ (जून २०२३) आणि एन२-४ (फेब्रुवारी २०२४) या रशियन हवामान उपग्रहांचं एलआरपीटी हे डिजिटल चित्र-प्रसारण पकडून ढगांचं चित्र काढणं. दोघेही १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि या दोन फ्रिक्वेन्सींची अधूनमधून अदलाबदल होते, तेव्हा चित्र आलं नाही तर आधी दुसरी फ्रिक्वेन्सी लावून बघा.

अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांचं जुनं ॲनालॉग चित्र-प्रसारण, एपीटी, २०२५ मध्ये बंद झालं आणि खेळाचे नियम बदलले. एपीटीत सिग्नल कमजोर झाला की चित्रात मुंग्या यायच्या, पण कोकण किनारा तरी ओळखू यायचा. एलआरपीटीत तसं नाही. एक डीबीच्या (डेसिबलच्या) फरकात चित्र लख्ख किंवा काळं, मधलं काही नाही. म्हणून इथे पैसे आणि मेहनत कुठे घालायची हे ठरवायला आत दुरुस्ती कशी चालते ते माहीत असावं लागतं.

एलआरपीटीत दुरुस्तीचे दोन थर आहेत. आतला थर कन्व्होल्युशनल कोडचा: रेट १/२, कन्स्ट्रेंट लेंग्थ ७, ऑक्टलमध्ये १७१ आणि १३३ हे जनरेटर. प्रत्येक बिटामागे दोन बिट हवेत जातात, आणि व्हिटर्बी डिकोडर ६४ अवस्थांमधून सगळ्यांत पटणारी वाट शोधतो. बाहेरचा थर रीड-सॉलोमनचा: २५५ बाइटांच्या ओळीत २२३ कामाचे, ३२ पहाऱ्याचे. कुठलेही १६ बाइट चुकले तरी ओळ पुरती दुरुस्त होते. सतरावा चुकला की ओळ गेली. अशा चार ओळी एकमेकींत विणून १०२४ बाइटांची फ्रेम बनते: ४ बाइट खुणेचे (१एसीएफएफसी१डी) आणि चार गुणिले २५५. विणण्याचं कारण सरळ आहे. व्हिटर्बी चुकतो तेव्हा सुटा एखादा बिट चुकत नाही, सलग झुंबडीने चुकतो. ती झुंबड चार ओळींत वाटली गेली की ६४ बाइटांपर्यंतचा सलग घाव भरून निघतो.

या सगळ्याची किंमत म्हणजे कामाचे १०० बिट पोचवायला साधारण २२९ बिट पाठवावे लागतात. मोबदला असा: काहीच कोड नसताना लाखात एक बिट चुकण्याची पातळी गाठायला ईबी/एनओ (दर बिटाची ऊर्जा भागिले नॉइजची घनता) ९.६ डीबी लागतो. व्हिटर्बी हार्ड बिटांवर (नुसते ०-१) चालवला तर साधारण साडेसहा, सॉफ्ट बिटांवर (किती खात्री तेही सांगणारे) चालवला तर साडेचारच्या आत. वर रीड-सॉलोमन आला की अडीचच्या आसपास. सॅटडंपच्या पडद्यावरचा एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) हा सिम्बॉलचा, म्हणजे हवेतल्या दोन बिटांच्या जोडीचा असतो. या कोडिंगसाठी तो ईबी/एनओपेक्षा अर्ध्या डीबीने कमी धरा. कागदावर २ डीबीला चित्र यायला हवं. खऱ्या गच्चीवर त्याच्या वर आणखी दीड-दोन डीबी हाताशी असलेले बरे, कारण घड्याळ आणि फेज पकडणारे लूपही आपला वाटा खातात.

हार्ड आणि सॉफ्ट यांतल्या दोन डीबींना हसू नका. उपग्रह साधारण ८२० किलोमीटर उंचीवर आहे. क्षितिजापासून १० अंशांवर असताना आणि १८ अंशांवर असताना अंतरामुळे सिग्नलमध्ये जो फरक पडतो तो बरोबर दोन डीबींचा. जमिनीवर मोजलं तर ती सुमारे ५०० किलोमीटरची पट्टी, आणि पासच्या (उपग्रहाच्या आकाशातल्या एका फेरीच्या) दोन्ही टोकांना. म्हणजे निव्वळ डिकोडरला बिट कसे दिले यावर वर अफगाणिस्तान-ताजिकिस्तान आणि खाली विषुववृत्ताकडचा समुद्र चित्रात येणार की नाही हे ठरतं.

सॉफ्ट बिट म्हणजे काय ते एकदा नीट बघू. डीमॉड्युलेटर प्रत्येक बिटाला ०-१ असा निकाल न देता -१२७ ते +१२७ असा आकडा देतो. +१२० म्हणजे 'नक्की एक', +७ म्हणजे 'एक असावा, पण शपथ घ्यायला सांगू नका', ० म्हणजे 'ठाऊक नाही'. व्हिटर्बी वाट निवडताना शंभरच्या साक्षीला जास्त वजन देतो, सातच्या साक्षीला जवळपास काहीच नाही. सगळी कमाई या वजनातच आहे. आकड्यांचा एकूण आकार दुप्पट झाला किंवा निम्मा झाला तर व्हिटर्बीला फरक पडत नाही. मात्र आकडे वरच्या टोकाला आपटून सगळेच ±१२७ झाले, की सॉफ्ट नावाला उरतं आणि दोन डीबी गेले. डोंगलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) कमाल ४९.६ वर खेचून 'सिग्नल तर जोरात आहे, चित्र का नाही' असं विचारणाऱ्यांच्या बाबतीत याच्याही आधीची पायरी मोडलेली असते: डोंगलचा ८ बिटांचा कन्व्हर्टरच आपटत असतो. आठ बिटांत जेमतेम ५० डीबीची झेप मावते. तिथे कापलं गेलेलं पुढे कुठलाही कोड परत आणत नाही.

आता मुंबई.

८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम स्टेशनं शहरातल्या कुठल्याही गच्चीवर जोरात असतात, हे सगळे सांगतात. पण ती १३७ ला नेमका कसा त्रास देतात हे सहसा कोणी सांगत नाही. जोरदार सिग्नल डोंगलमध्ये एकमेकांत मिसळले की नव्या फ्रिक्वेन्सी उगवतात, ती भेसळ. तिसऱ्या क्रमाची भेसळ म्हणजे दोनदा एक स्टेशन वजा दुसरं: दोनदा १०८ वजा ८८, झाले १२८. याच्या पलीकडे निव्वळ एफएमची तिसऱ्या क्रमाची भेसळ जाऊच शकत नाही. १३७ पर्यंत पोचते ती पाचव्या क्रमाची, किंवा मग विमानांचा बँड मधे पडला तर. सहार विमानतळाचं बोलणं ११८ ते १३७ मध्ये चालतं. १२५ वर कंट्रोलर बोलला, त्यात एका एफएम स्टेशनचे १०७ मिळाले आणि दुसऱ्याचे ९५ वजा झाले की नेमके १३७. म्हणून अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात चित्र मधेच दोन-तीन सेकंद तुटतं आणि पुन्हा जुळतं. तो सिग्नलचा फेड नसतो, कोणीतरी माइकचं बटण दाबलेलं असतं. याशिवाय भेसळ नसली तरी डोंगलच्या पहिल्या ॲम्प्लिफायरची ताकद एफएमनेच खाल्लेली असते, त्यामुळे नॉइजची जमीन वर येते.

याच्यावर दोन उपाय बाजारात आहेत. आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा ८८-१०८ चा बँडस्टॉप फिल्टर, जो फक्त एफएम काढतो. आणि नूएलेकचा सॉबर्ड प्लस नोआ, ज्यात १३७.५ च्या आसपासची अरुंद पट्टीच सोडणारा सॉ फिल्टर आणि कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर एकाच डबीत आहेत. नावात नोआ असलं तरी मेटिऑर त्याच खिडकीत बसतो. बोरिवली-मुलुंडच्या पलीकडे, आजूबाजूला उंच इमारती नसतील तर बँडस्टॉपवर भागतं. शहरात मात्र दुसराच घ्या, आणि तो अँटेनाच्या बुडाशी लावा. केबल उतरून खाली डोंगलजवळ लावला तर केबलमध्ये गेलेले डीबी गेलेच. वीज डोंगलमधल्या बायस-टीमधून केबलवरूनच वर जाते (साडेचार व्होल्ट), वेगळी वायर लागत नाही. सॅटडंपमध्ये बायसच्या चौकोनात टिक करायची विसरू नका. बंद ॲम्प्लिफायरमधून सिग्नल पार होत नाही आणि दोष अँटेनाला जातो.

व्ही४ की व्ही३? फक्त या कामापुरतं बोलायचं तर व्ही४ थोडा वरचढ. त्यातल्या आर८२८डी ट्यूनरला तीन वेगळे इनपुट आहेत आणि २८.८ ते २५० मेगाहर्ट्झचा रस्ता स्वतंत्र काढलेला आहे. शेजारच्या गच्चीवर मोबाइल टॉवर असेल तर त्याचे ९०० आणि १८०० या वाटेवर आधीच रोडावतात. एफएमसाठीही आत नॉच (तेवढाच बँड दाबणारा फिल्टर) आहे, पण तो काही डीबींचाच. 'आत फिल्टर आहे म्हणतात' म्हणून बाहेरचा टाळू नका. व्ही४ ची कटकट ड्रायव्हरची आहे. जुन्या लिनक्स वितरणांतली लायब्ररी त्याला ओळखत नाही. डोंगल दिसतो, धबधबाही (वॉटरफॉल, सिग्नलचा सरकता आलेख) दिसतो, पण ऐकू काही येत नाही. ब्लॉगने दिलेला ड्रायव्हर बांधून घ्या, आणि डीव्हीबी-यूएसबी-आरटीएल२८एक्सएक्सयू हे कर्नल मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, नाहीतर टीव्हीचा ड्रायव्हर आधीच डोंगलवर बसलेला असतो. व्ही३ असेल तर बदलायची गरज नाही, ते पैसे फिल्टरला द्या. दोन्हींतला घड्याळाचा क्रिस्टल एक पीपीएमचा (दशलक्षात एक चूक) आहे, म्हणजे १३७ वर फार तर १३७ हर्ट्झ इकडेतिकडे. डॉप्लर (उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) दोन्ही बाजूंना तीन किलोहर्ट्झचा असतो, त्यामुळे पीपीएम दुरुस्तीत वेळ घालवणं फोल.

किटमधला डायपोल आश्चर्य वाटावं इतका चांगला निघतो. मोठ्या कांड्या घ्या, दोन्ही ५३.४ सेंटीमीटरला ओढा, मधे १२० अंशांचा कोन ठेवून आडव्या पसरा, आणि व्हीचं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे करा, कारण उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे जातात. उभा लावू नका. डोक्यावरून जाताना नेमकं भोक पडतं. सोबतची तीन मीटरची बारीक केबल आरजी-१७४ आहे आणि तेवढ्यात साधारण एक डीबी खाते. लांब न्यायचं असेल तर केबल टीव्हीवाल्यांची आरजी-६ घ्या. ती ७५ ओहमची आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हिशेब करावा: ५० आणि ७५ च्या न जुळण्याने जातो तो ०.२ डीबीसुद्धा नाही, आणि लांबीवर वाचतं ते त्याच्या कितीतरी पट.

कनेक्टर घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा एक गोष्ट काउंटरवरच तपासा. 'एसएमए मेल' मागितलं की पुष्कळदा वायफाय राउटरचा आरपी-एसएमए हातात पडतो. आटे तेच, फिरतोही छान, घट्ट बसतो. पण मधली सुई नसते. तोंड उजेडाकडे धरून बघा: आतून आटे असलेल्या कनेक्टरच्या मधोमध सुई दिसली पाहिजे. सुईच्या जागी भोक असेल तर परत द्या. हा कनेक्टर लावून सिग्नल पूर्ण मरत नाही, कपॅसिटिव्ह झिरपतो, म्हणून आठवडाभर माणूस गेन आणि फिल्टर बदलत बसतो. त्याच फेरीत एफ-टू-एसएमए ॲडॉप्टर आणि आपसात चिकटणारी रबरी टेप घेऊन ठेवा.

आता मुख्य भाग: सॅटडंपचा पडदा वाचायचा कसा.

गेन हाताने लावा, एजीसी (आपोआप गेन) बंद. सँपल रेट १.०२४ मेगासँपल पुरे. सिग्नलची रुंदी सव्वाशे किलोहर्ट्झच्या आतच आहे, आणि रेट कमी ठेवला की ट्यूनरचं आयएफ फिल्टरही अरुंद होतं. उपग्रह यायच्या आधी गेन २० वर ठेवून एकेक पायरी वाढवत जा आणि नॉइजच्या रेषेकडे बघा. एका पायरीने रेषा तेवढीच वर सरकत असेल तर ठीक. गेनपेक्षा जास्त उडी मारली, किंवा आधी नसलेले फुगवटे उगवले, की दोन पायऱ्या मागे या. तोच आजचा गेन. संध्याकाळचा आणि पहाटेचा वेगळा निघतो, तेव्हा वहीत लिहून ठेवून कायमचा करू नका.

पाइपलाइन मेटिऑर एम२-एक्स एलआरपीटी निवडा. ७२के आणि ८०के असे दोन पर्याय दिसतील. ८०के मध्ये दर ७२ बिटांमागे ८ बिट खुणेचे जोडून बिट काही सेकंदांवर पसरून पेरलेले असतात. चुकीचा पर्याय निवडला तर कॉन्स्टेलेशन (आलेल्या सिम्बॉलच्या ठिपक्यांचं चित्र) तरीही गोड दिसू शकतं पण डीफ्रेमर (फ्रेमची खूण शोधणारा भाग) कधीच हिरवा होत नाही. कॉन्स्टेलेशन छान, पण फ्रेम शून्य, हे दिसलं की अँटेनाला हात लावू नका, पर्याय बदला.

पास सुरू झाला की चार चौकटी क्रमाने बघायच्या, वरून खाली. पहिली कॉन्स्टेलेशन. एलआरपीटी या उपग्रहांवर ऑफसेट क्यूपीएसके आहे, म्हणजे चार फेजांतून बिट पाठवणारं मॉड्युलेशन. चार पुंजके वेगळे ओळखू येईपर्यंत थांबायची गरज नाही. डोळ्यांना नुसता चौकोनी धुरळा वाटतो तिथेही व्हिटर्बी काम करत असतो. सॉफ्ट डिकोडिंगचा अर्थच तो. पण धुरळा गोल फिरत असेल, म्हणजे चौकोनाऐवजी वलय दिसत असेल, तर फेजचा लूप सुटलाय.

दुसरी चौकट व्हिटर्बीच्या बीईआरची (बिट चुकण्याच्या प्रमाणाची). हा आकडा समजून घ्या. डिकोडर निकाल देतो, तो निकाल पुन्हा कोड करून आलेल्या बिटांशी ताडून पाहतो आणि किती जुळले नाहीत ते सांगतो. नुसत्या नॉइजवरही जवळची कुठली तरी वाट सापडतेच, म्हणून अर्धेच्या अर्धे बिट चुकले असं तो कधीच सांगत नाही. आकड्याला निरपेक्ष माप मानू नका, त्याची चाल बघा: उपग्रह वर चढताना तो सलग खाली उतरायला हवा. मधेच एका झटक्यात वर उडून तितक्याच झटक्यात खाली आला तर बाहेरून कोणीतरी ठोका मारला.

तिसरी डीफ्रेमरची: खूण सापडली की नाही. चौथी रीड-सॉलोमनचे चार ठिपके, चार विणलेल्या ओळींचे. माझ्या मते सगळ्या पडद्यावरची सगळ्यांत बोलकी जागा हीच, आणि लोक तिच्याकडे सगळ्यांत कमी बघतात. हिरवा म्हणजे दुरुस्तीची गरजच पडली नाही, पिवळा म्हणजे दुरुस्त केलं, लाल म्हणजे सोळाच्या वर गेलं. चारही एकत्र हळूहळू पिवळे होत लाल झाले तर सिग्नल खरोखर कमी पडतोय: अँटेना, केबल, उंची. चारही हिरवे असताना मधेच एका फ्रेमपुरते एकदम लाल झाले आणि लगेच हिरवे, तर तो ६४ बाइटांपेक्षा लांब सलग घाव आहे. सोसायटीची व्हीएफडीवाली (मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक्सने बदलणारी) लिफ्ट, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, जिन्यातल्या एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. जिन्याच्या बल्बचा संशय असेल तर पास चालू असताना तो बंद करून बघणं हे कुठल्याही उपकरणापेक्षा खात्रीचं.

अशा ठोक्यांचा त्रास त्यांच्या जोरापेक्षा खोट्या आत्मविश्वासाने जास्त होतो. ठोक्याखाली आलेला बिट ±१२७ असा ठाम आकडा घेऊन येतो आणि चूक असतो. हार्ड डिकोडरमध्ये तो एक चूक म्हणून मोजला गेला असता. सॉफ्टमध्ये तो दहा प्रामाणिक बिटांना दाबतो. म्हणून डीमॉड्युलेटरच्या आधी ठोके कापणं किंवा ठोक्याच्या जागी शून्य देणं हे दिसायला नुकसान, प्रत्यक्षात नफा. 'ठाऊक नाही' असं सांगणारा बिट खोटं बोलणाऱ्या बिटापेक्षा कधीही चांगला.

चित्रात काय दिसतं तेही याच्याशी जुळवून बघता येतं. ओळ १५६८ पिक्सेलची, तिचे १४ तुकडे, प्रत्येक तुकडा एका पॅकेटात: ११२ पिक्सेल रुंद, ८ पिक्सेल उंच. सुट्या काळ्या विटा दिसल्या तर एकेक पॅकेट गेलंय, ठोक्यांचं काम. पूर्ण आडवा पट्टा काळा असेल तर फ्रेमची खूणच सुटली होती. सॅटडंप शेजारच्या ओळींवरून भोकं बुजवू शकतो, पण तपासणी करताना ती सोय बंद ठेवा. बुजवलेल्या चित्रावरून अँटेना सुधारला की बिघडला ते कळत नाही.

सिग्नल उत्तम, ठिपके हिरवे, आणि मधेच सगळं कोसळून पाच-दहा सेकंदांनी सावरतं, असं होत असेल तर यूएसबीकडे बघा. स्वस्त एक्स्टेंशन केबल किंवा लॅपटॉपची वीजबचत यांनी काही सँपल गळतात. नॉइजने बिट चुकतो. गळतीने बिट नाहीसा होतो आणि मागची सगळी रांग एक घर सरकते. व्हिटर्बी आणि रीड-सॉलोमन दोघांनाही चुकलेला बिट दुरुस्त करता येतो, सरकलेली रांग नाही. ८०के मोडमध्ये पेरलेले बिट पुन्हा जागेवर यायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिथे हा रोग फार वाईट दिसतो. उपाय: लहान आणि जाड यूएसबी केबल, लॅपटॉप चार्जरवर (चार्जरच नॉइज देत असेल तर बॅटरीवर, पण वीजबचत बंद करून), आणि डोंगल सावलीत. मे महिन्यात गच्चीच्या पत्र्यावर ठेवलेला डोंगल हात लावू देत नाही.

सुधारणेला वाव कुठे आहे? पहिली जागा फेजच्या लूपची. पाइपलाइनच्या जेसन फाइलमध्ये पीएलएल बँडविड्थचा आकडा असतो. तो निम्मा केला तर फेजमधल्या थरथरीची शक्ती तीन डीबीने उतरते. डॉप्लर सगळ्यांत वेगाने बदलतो तो उपग्रह डोक्यावर असताना, आणि तेव्हाही सेकंदाला तीसेक हर्ट्झच, त्यामुळे लूप मागे पडण्याची भीती कमी. कमी उंचीच्या पासला हा बदल हमखास जाणवतो. एन२-३ चा सिग्नल एन२-४ पेक्षा कमजोर आणि चंचल असतो, तिथे तर नक्की. आणखी निम्मा केला की पकडायलाच वेळ लागतो, तेव्हा हाव नको.

दुसरी जागा सॉफ्टवेअरच्या रचनेतच आहे, आणि अर्धा गुण तिथे कापला. साखळी एकाच दिशेने वाहते: व्हिटर्बी आपला निकाल रीड-सॉलोमनला देतो आणि विसरतो. कुठले बाइट डळमळीत होते हे सांगितलं असतं तर रीड-सॉलोमन १६ ऐवजी ३२ बाइटांपर्यंत भरून काढू शकतो, कारण चुकीची जागा आधीच ठाऊक असेल तर एका बाइटाला दोनऐवजी एकच पहारेकरी लागतो. उलट दिशेनेही वाट आहे. चारपैकी तीन ओळी दुरुस्त झाल्या तर त्यांचे बाइट आता शंभर टक्के माहीत आहेत. ते खुंटे म्हणून ठोकून व्हिटर्बी पुन्हा चालवला की चौथी ओळही बहुतेक उभी राहते. ही नवी कल्पना नाही. गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये उघडला नाही तेव्हा गुरूवरून छोट्या अँटेनावर आलेला डेटा अशाच फेऱ्या मारून सोडवला होता. आजचा साधा लॅपटॉप ७२ किलोबिटांसाठी हे करताना घामही गाळणार नाही. कोणी हातात घेतलं तर बेसबँड (डोंगलकडून आलेलं कच्चं रेकॉर्डिंग) न बदलता बऱ्याच काळ्या विटा निघून जातील.

म्हणून रेकॉर्डिंग ठेवायची सवय लावा. १.०२४ मेगासँपलला ८ बिटांचं बेसबँड पंधरा मिनिटांच्या पासला साधारण १.८ जीबी होतं. त्यावरून फिल्टरची रुंदी, लूप, सगळं पुन्हा बदलून बघता येतं. जागा कमी असेल तर डीमॉड्युलेटरची सॉफ्ट फाइल ठेवा, ती १३० एमबीच्या आसपास. तिच्यावरून व्हिटर्बीपासून पुढचं सगळं पुन्हा चालवता येतं, लूप मात्र बदलता येत नाही. तयार चित्र तेवढं ठेवून बाकी पुसून टाकलं तर पुढच्या आवृत्तीत डिकोडर सुधारला तरी जुन्या पासांना उपयोग शून्य.

जागेबद्दल थोडक्यात. वरळी, वांद्रे, मढ अशा किनाऱ्यालगतच्या गच्चीला पश्चिमेचं क्षितिज मोकळं मिळतं आणि अरबी समुद्रावरचे पास अगदी खालपासून येतात. पावसाच्या आधीच्या आठवड्यांत बघण्यासारखं जे असतं ते त्याच बाजूला. पूर्वेला टॉवर असतील तर तिकडचे पास २० अंशांखाली धरूच नका. चाळीच्या किंवा जुन्या इमारतीच्या पत्र्यापासून डायपोल किमान एक मीटर वर ठेवा, पाण्याच्या टाकीला टेकवून बांधू नका.

पाऊस १३७ मेगाहर्ट्झला अडवत नाही. अडवतं ते कनेक्टरात शिरलेलं पाणी, आणि खारी हवा ते काम पाऊस नसतानाही करते. सांध्यावर रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात आणि पाणी वरून ओघळतं. त्यावर साधी पीव्हीसी टेप उन्हासाठी. केबल खोलीत शिरण्याआधी खिडकीबाहेर एक झोल द्या, त्याचा तळ खिडकीच्या खाली राहू दे, पाणी तिथूनच गळून जाईल. आणि सप्टेंबरात रीड-सॉलोमनचे ठिपके कारण नसताना पिवळे राहू लागले तर कुठलंही सेटिंग बदलण्याआधी तो सांधा सोडून बघा: मधली सुई हिरवट झाली असेल.